नांगराचा फाळ आणि विद्यापीठाचें ध्येय

पुलाच्या तुळईला धर्म नसतो. तिच्यावर अमुक भार पडला असतां ती किती लवेल आणि केव्हां मोडेल, हें सांगणारें गणित काशीस एक आणि रोमला दुसरें असें असूं शकत नाहीं. वाफेचा दाब उपासकाची जात विचारीत नाहीं. हें इतकें उघड आहे कीं, एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठानें इंजिनियरिंगची शाखा काढली म्हणजे सुबुद्ध माणसाच्या मनांत प्रथम हाच प्रश्न उभा राहतो : येथें निराळें असें शिकवावयाचें तें काय? धर्मशास्त्र शिकवावें, तत्त्वज्ञान शिकवावें, वैद्यकही शिकवावें. कारण रुग्णाची शुश्रूषा ही त्या धर्माच्या मूळ चरित्रांतच सांगितलेली गोष्ट आहे. परंतु लोखंड, सिमेंट, विजेची तार आणि दांतेरी चाक यांचा प्रार्थनेशीं संबंध कोणता?

या प्रश्नाला सामान्यतः जें उत्तर दिलें जातें तें फार सोपें आहे. सकाळीं प्रार्थनामंदिरांत अर्धा तास, नंतर कारखान्यांत सहा तास. दोहोंच्या मध्यें एक भिंत आणि भिंतीला एक दार. अशा व्यवस्थेंतून चांगले इंजिनियर बाहेर पडत नाहींत असें नव्हे. पण मग त्या विद्यापीठाच्या नांवांतील ‘ख्रिस्ती’ हें विशेषण दरवाजाच्या दगडावर कोरलेल्या अक्षरांपुरतेंच उरतें. आंतल्या विद्येला त्याचा स्पर्श होत नाहीं. हें उत्तर आळसाचें आहे. आणि गंमत अशी कीं, ज्या पुरुषाच्या नांवानें हीं विद्यापीठें चालतात तो स्वतः सुतार होता. दुसऱ्या शतकांतील जस्टिन मार्टर या ग्रंथकारानें तर असें लिहून ठेवलें आहे कीं, येशू नांगर आणि जूं तयार करण्याचें काम करी. ही परंपरा ऐतिहासिक दृष्ट्या कितपत टिकेल हा वाद पंडितांचा आहे. पण नांगराचा विषय या भाषणांत पुढें पुष्कळ यावयाचा असल्यामुळें तिचा उल्लेख येथेंच करून ठेवलेला बरा.

इंजिनियरिंगचें शिक्षण विद्यापीठांत आलें तेंच मुळीं उशिरां आणि दुसऱ्याच दारानें. पॅरिसची प्रसिद्ध पॉलिटेक्निक शाळा १७९४ सालीं निघाली ती राज्यक्रांतीच्या सरकारच्या गरजेसाठीं. आपल्याकडे रुडकीचें विद्यालय १८४७ सालीं निघालें, कारण गंगेचा कालवा खणावयाचा होता आणि त्यावर देखरेख करणारीं माणसें हवीं होतीं. पुण्यास १८५४ सालीं जो इंजिनियरिंगचा वर्ग उघडला त्याचाही हेतु सार्वजनिक बांधकामखात्याला हाताखालचे अधिकारी पुरविणें हाच होता. या शिक्षणाचें ध्येय ठरविणारा मालक, अशा रीतीनें, प्रथम सरकार होता. पुढें कारखानदार झाला. अमेरिकेंत नोत्र दाम या कॅथॉलिक विद्यापीठानें १८७३ सालीं इंजिनियरिंगचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हां त्यालाही प्रथम याच चाकोरीतून जावें लागलें. रेल्वे बांधावयाच्या होत्या आणि त्यासाठीं मोजणी करणारे तरुण हवे होते. सरकारला काय हवें आहे आणि बाजाराला काय हवें आहे हें विचारून झाल्यावर तिसराही कांहीं प्रश्न उरतो, ही जाणीव हळूहळू झाली.

ती जाणीव किती आवश्यक होती हें कानडांतील एका अपघातावरून दिसून येतें. क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर एक अवाढव्य पूल बांधला जात होता. त्याचा मधला गाळा प्रथम १६०० फुटांचा ठरला होता. पुढें तो १८०० फुटांचा करण्यांत आला. गाळा वाढला म्हणजे पुलाचें स्वतःचेंच वजन वाढणार. परंतु तो हिशेब वेळेवर पुन्हां मांडला गेला नाहीं. खालच्या पोलादी पट्ट्या वांकूं लागल्या आहेत असें कामावरच्या माणसांच्या दृष्टीस आलें होतें. तरी काम थांबलें नाहीं. २९ ऑगस्ट १९०७ रोजीं पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. या दुर्घटनेंत न कळण्यासारखें गणित कोठेंही नव्हतें. उणीव होती ती, मांडलेला आंकडा चुकला असेल हें कबूल करण्याच्या तयारीची. पुढें १९२५ पासून कानडांतील नव्या इंजिनियरांना एका खाजगी समारंभांत प्रतिज्ञा देऊन करंगळींत लोखंडी अंगठी घालण्याची चाल पडली. हा विधि रड्यार्ड किप्लिंगनें, म्हणजे मुंबईंत जन्मलेल्या त्याच लेखकानें, रचून दिला. ती अंगठी पडलेल्या पुलाच्याच लोखंडाची असते अशी एक आवडती दंतकथा आहे; ती खरी नाहीं. पण दंतकथा ज्या अर्थीं टिकली त्या अर्थीं ती कोणत्या तरी खऱ्या गरजेला धरून असली पाहिजे. आंकड्याशीं प्रामाणिक राहणें ही केवळ हुशारीची बाब नसून चारित्र्याची बाब आहे, आणि चारित्र्य घडविण्याचा दावा करणाऱ्या विद्यापीठाला येथें खरोखरच कांहीं काम आहे.

पण प्रामाणिकपणा तर सर्वच विद्यापीठांनीं शिकवावा. त्याला ख्रिस्ती असण्याचें कारण नाहीं. म्हणून आणखी एका उत्तराकडे वळलें पाहिजे, आणि तें टेक्सास संस्थानांतील लाँगव्ह्यू या गांवीं सांपडतें. रॉबर्ट लेटूर्नो हा माणूस १८८८ सालीं जन्मला, चौदाव्या वर्षीं शाळा सोडून ओतशाळेंत शिरला, आणि माती खणणारीं, उचलणारीं व पसरणारीं प्रचंड यंत्रें बनवून कोट्यधीश झाला. दुसऱ्या महायुद्धांत दोस्तांच्या फौजांनीं विमानतळ आणि रस्ते तयार करण्यासाठीं जीं मातीकामाचीं यंत्रें वापरलीं त्यांतला फार मोठा हिस्सा त्याच्या कारखान्यांतून गेला होता. तो अत्यंत श्रद्धाळू होता, आणि आपल्या मिळकतीचा नऊ-दशांश भाग त्यानें धर्मकार्याकडे लावला. युद्ध संपल्यावर लष्करी रुग्णालयाची एक रिकामी वसाहत अमेरिकन सरकारकडून त्यास एका डॉलरांत मिळाली, आणि १९४६ सालीं तेथें त्यानें यंत्रविद्येची शाळा काढली. रणांगणावरून परत आलेल्या तरुणांनीं एक दिवस वर्गांत बसावें आणि दुसरा दिवस कारखान्यांत काम करावें अशी तेथील आरंभीची पद्धत होती. ती शाळा १९६१ सालीं महाविद्यालय आणि १९८९ सालीं विद्यापीठ झाली.

लेटूर्नोच्या पद्धतींत एक मोठी सुंदर गोष्ट होती : शिकणाऱ्याचे हात काळे झाले पाहिजेत. हिंदुस्थानांतील शिक्षणाला तर ही गोष्ट कानीकपाळीं ओरडून सांगण्यासारखी आहे. कारण आपल्याकडे इंजिनियर झालेल्या मुलाला स्क्रू आवळावा लागला तर घरच्या माणसांस आजही थोडें वाईटच वाटतें. परंतु लेटूर्नोची यंत्रावरील श्रद्धा जवळजवळ दुसरी उपासनाच होती. १९५० नंतरच्या दशकांत त्यानें लायबेरियांत आणि पेरूच्या अरण्यांत वसाहती स्थापन केल्या. झाडें चिरडून जमीन सपाट करणारीं अजस्र यंत्रें तेथें नेलीं, रस्ता केला, वस्ती केली, उपदेशक बसविले. हेतु शुद्ध होता. पण उष्ण आणि अतिवृष्टीच्या अरण्यांत जमिनीचा कस मातीपेक्षां झाडांतच अधिक साठलेला असतो. झाडें गेलीं कीं थोड्याच पिकांत माती निःसत्त्व होऊं लागते. तेथील जमिनीला काय सोसतें हें यंत्राला ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक करून घेण्याचें काम यंत्राच्या मालकानेंच करावें लागतें. पेरूंतली ती वसाहत पुढें त्याच्या हातीं राहिली नाहीं. मोठें यंत्र, मोठी श्रद्धा आणि मोठा पैसा इतकें सर्व असूनही, ज्याची सेवा करावयाची त्याला आधीं विचारावयाचें राहून गेलें म्हणजे काय होतें, याचें हें एक उदाहरण आहे.

तें विचारण्यापासूनच जिनें आरंभ केला अशी एक संस्था आपल्याच देशांत, अलाहाबादेजवळ, यमुनेच्या पलीकडच्या कांठीं नैनी येथें आहे.

सॅम हिगिनबॉटम हा मँचेस्टरमध्यें १८७४ सालीं जन्मलेला आणि प्रिन्स्टनचा पदवीधर. १९०३ सालीं तो प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानांत आला. यावें उपदेश करण्यासाठीं आणि शिकवावें लागावें अर्थशास्त्र, असा प्रकार झाला. अलाहाबादच्या मिशन कॉलेजांत त्याच्याकडे तो विषय आला. त्याबरोबरच नैनीच्या महारोग्यांच्या आश्रमाची व्यवस्थाही त्याच्याकडे होती. अर्थशास्त्राचीं पुस्तकें इंग्लंडचीं आणि समोरचीं खेडीं गंगा-यमुनेच्या दुआबांतलीं. दोहोंचा मेळ कोठेंच बसेना. लोक गरीब कां, या प्रश्नाचें उत्तर शोधीत तो शेतापर्यंत आला, आणि शेतापर्यंत आल्यावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, शेतीविषयीं आपणांस कांहींच कळत नाहीं. यापुढें त्यानें जें केलें तें फारच थोडे प्रोफेसर करतील. पस्तिशीच्या घरांत असतां तो परत अमेरिकेस गेला, ओहायोच्या विद्यापीठांत विद्यार्थी होऊन बसला आणि शेतकी शिकून आला. १९१० सालीं स्थापन झालेल्या शेतकी विद्यालयाला यमुनेच्या कांठची जी जमीन मिळाली ती घळींनीं फाटलेली आणि कांस नांवाच्या चिवट गवतानें ग्रासलेली होती. चांगली जमीन कोण देतो? पण तेंच पथ्यावर पडलें. जी जमीन कोणीही टाकून द्यावी ती बांध घालून, पाणी अडवून आणि खोल नांगरून पिकाखालीं आणतां येते, हें शेजारच्या शेतकऱ्याला डोळ्यांनीं पाहतां आलें.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांना हा मनुष्य इतका पसंत पडला कीं, त्यांनीं कांहीं काळ आपल्या संस्थानच्या शेतकी खात्याची सूत्रें त्याच्या हातीं दिलीं. उलट त्याच्या स्वतःच्या मंडळींत मात्र कुरकुर होती. धर्मप्रचारासाठीं दिलेला पैसा नांगरांवर आणि गुरांच्या चाऱ्यावर कां खर्च व्हावा, असें अमेरिकेंतले कित्येक देणगीदार विचारीत. त्यांना उत्तर म्हणूनच कीं काय, १९२१ सालीं हिगिनबॉटमनें जें पुस्तक प्रसिद्ध केलें त्याच्या नांवांतच शुभवर्तमान आणि नांगर हे दोन शब्द शेजारीं शेजारीं बसविलेले आहेत. त्याची पत्नी एथेल हिनें याच संस्थेंत गृहशास्त्राची शाखा उभी केली. शेत सुधारलें आणि चूल तशीच राहिली तर सुधारणेचा अर्धा भाग दाराबाहेरच राहतो, हें तिनें ओळखलें होतें.

त्याच १९२१ सालीं मेसन वॉ नांवाचा तरुण अमेरिकन इंजिनियर नैनीस आला, आणि या भाषणाच्या विषयाच्या दृष्टीनें खरी गोष्ट तेथून सुरू होते.

देशी नांगराला नांवें ठेवणें फार सोपें होतें. परदेशांतून येणारा प्रत्येक पाहुणा तें करीत असे. लांकडाचा एक वांकडा ओंडका, त्याला लोखंडाचा लहानसा फाळ. तो माती उलथीत नाहीं, नुसती ओरखडतो. दोन तासांच्या मध्यें न नांगरलेली पट्टी राहते, म्हणून आडवेंउभें पुन्हां पुन्हां नांगरावें लागतें. गव्हासाठीं उत्तर हिंदुस्थानांतला शेतकरी आठ-आठ, दहा-दहा पाळ्या घालीत असे. या कष्टाचा हिशेब एकदां मांडून पाहण्यासारखा आहे. तासाची रुंदी पंधरा सेंटिमीटर धरली तर एक एकर नांगरतांना बैलांच्या मागें सुमारें २७ किलोमीटर चालावें लागतें. आठ पाळ्या म्हणजे दोनशें किलोमीटरांहून अधिक झाले. आणि तेही मऊ ढेकळांतून, अनवाणी, एका एकरासाठीं! शहरांतील वाचक-श्रोत्यांच्या ताटांतली पोळी इतकी चालून आलेली असते.

मग विलायती लोखंडी नांगर कां आणूं नये? तो मातीची वडी उचलून उपडी करतो, तण गाडतो, एका पाळींत तीन पाळ्यांचें काम करतो. पण तो ओढावयाचा कोणीं? जनावर सतत काम करीत असतां साधारणपणें आपल्या वजनाच्या एक-दशांश इतक्या जोरानें ओढूं शकतें, असा इंजिनियरांचा ठोकळ नियम आहे. मध्यम बैलजोडीचें वजन सहाशें किलो धरलें तर ओढ साठ किलोंची झाली. मध्यम प्रतीची जमीन कापण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारें अर्धा किलो जोर लागतो असें धरलें, तर त्या जोडीला एका वेळीं एकशेंवीस चौरस सेंटिमीटर मातीच कापतां येईल. म्हणजे दहा सेंटिमीटर खोल आणि बारा सेंटिमीटर रुंद. यापेक्षां मोठा नांगर जोडला कीं बैल बसलाच. शेतकऱ्याला हें गणित येत नव्हतें. पण बैल बसलेला त्यानें पाहिला होता, आणि म्हणून तो विलायती नांगराला हात लावीत नव्हता. त्याला अडाणी म्हणणाऱ्या तज्ज्ञांनींच बैल मोजला नव्हता.

वॉ यानें देशी नांगराकडे नीट पाहिलें. त्याची लांब इसाड थेट जुंवाला जाऊन भिडते. मध्यें सांखळ्या नाहींत, चाकें नाहींत. रुमणें एकच असतें, कारण नांगऱ्याचा दुसरा हात बैलांना वळविण्यासाठीं मोकळा हवा. नांगर खांद्यावर टाकून घरीं नेतां येतो. मोडला तर गांवचा सुतार आणि लोहार तो दुरुस्त करतात, आणि त्यांचें देणें धान्यांत भागतें. हे सर्व ‘मागासलेपणाचे’ गुण वॉ यानें कायम ठेविले आणि जमिनींत जाणारा भाग तेवढा बदलला : लांब लांकडी इसाड आणि एकच रुमणें तसेंच ठेवून खालीं माती उलथणारा लहान लोखंडी नांगर बसविला. नैनीच्या कारखान्यांत तयार होऊन विक्रीस गेलेल्या या नांगरांचीं नांवें ‘वाह-वाह’ आणि ‘शाबाश’ अशीं होतीं. कारखानदार आपल्या मालाला सहसा स्वतःचें नांव देतो. येथें विकत घेणाऱ्याच्या तोंडून जो उद्गार निघावा अशी इच्छा होती तोच मालाचें नांव झाला. यांत थोडा भाबडेपणा आहे. पण तो आवडण्याजोगा आहे.

महाराष्ट्राला ही कथा परकी वाटूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी समजूत त्यांच्या वाटेंत आडवी आली होती, आणि पहिले नांगर विकले जाण्यास फार वाट पाहावी लागली होती. १९१० सालीं, म्हणजे नैनीच्या विद्यालयाबरोबरच, किर्लोस्करवाडी वसली. दक्षिणेंतल्या काळ्या जमिनींत हरळी आणि कुंदा खोल मुळें धरून बसतात. तेथें चार-सहा बैलांचा जड नांगरच हवा होता, आणि किर्लोस्करांनीं तो दिला. दुआबांतल्या शेतकऱ्यापाशीं एकच लहान जोडी होती. तेथें हलका नांगर हवा होता. दोन्ही ठिकाणीं नांगर यशस्वी झाला तो जमीन आणि गिऱ्हाईक ओळखल्यामुळें. एके ठिकाणीं ती ओळख व्यापारानें करून दिली, दुसऱ्या ठिकाणीं सेवेच्या भावनेनें. फरक एवढाच कीं, जो शेतकरी चांगलें गिऱ्हाईक होऊंच शकत नाहीं, त्याचा विचार करण्यास व्यापार बांधलेला नसतो.

येथें पहिल्या प्रश्नाचें उत्तर दिसूं लागतें. धर्मानें गणित बदललें नाहीं. बैलाची ओढ साठ किलो ती साठच राहिली. बदलला तो प्रश्न. कोणाचें गणित करावयाचें, कोणाचे कष्ट हा इंजिनियरिंगचा विषय मानावयाचा, हें ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाकडे असतो, आणि तेथेंच त्याच्या श्रद्धेला जागा आहे. जगांतले उत्तम यंत्रज्ञ विमानाच्या पंखावर विचार करीत असतां एका माणसानें आपली विद्या दोन सुकलेल्या बैलांच्या नांगरावर खर्च करावी, हा निर्णय कोणत्याही पाठ्यपुस्तकांतून निघत नाहीं.

पण असा निर्णय घेणारीं माणसें वर्गांत तयार करतां येतात काय? या बाबतींत ख्रिस्ती महाविद्यालयांचा अनुभव फारसा अभिमानास्पद नव्हता. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजचे प्रमुख लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती हिंदुस्थानांतील ख्रिस्ती उच्चशिक्षण पाहून गेली आणि तिचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. हीं कॉलेजें सरकारी विद्यापीठांच्या परीक्षांच्या चरकांत सांपडलीं आहेत, त्यांचें स्वतःचें असें कांहीं उरलेलें नाहीं, आणि त्यांनीं संशोधन व आसपासच्या समाजापर्यंत पोहोंचणारें कार्य हीं अंगें वाढविलीं पाहिजेत, असा तिच्या सांगण्याचा रोख होता. नैनीला यांतलें दुसरें अंग शिकवावें लागलें नाहीं. १९४२ सालीं तेथें शेतकी इंजिनियरिंगचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. हिंदुस्थानांतच नव्हे तर सबंध आशियांत तो पहिला मानला जातो. खरगपूरच्या संस्थेंत हा विषय त्यानंतर दहा वर्षांनीं आला.

पदवी आली आणि तिच्या मागोमाग पदवीचा रोगही आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पदवीधराला सरकारी खात्यांत खुर्ची मिळते. आणि ज्या शिक्षणाचा उगम शेताच्या बांधावर झाला त्याचा शेवट फायलींत होण्याचा धोका सदैव असतो. मुलाला इंजिनियरिंगला घालणाऱ्या घरांत पहिला प्रश्न पगाराचा निघतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. कर्ज काढून शिकविणाऱ्या बापाला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. पण कोणतेंही विद्यापीठ, मग तें कोणत्याही धर्माचें असो, आपल्या विद्यार्थ्यांना चार वर्षांत एकदांही शेतकऱ्याच्या, कामगाराच्या किंवा विहिरीवरच्या बाईच्या शेजारीं उभें करीत नसेल, तर ध्येयाविषयीं त्यानें छापलेल्या सुंदर पत्रकाची किंमत छपाईपेक्षां अधिक धरतां येत नाहीं. अमेरिकेंतील डेटन येथील कॅथॉलिक विद्यापीठानें २००१ सालीं असा एक उपक्रम काढला कीं, त्यांत इंजिनियरिंगचे विद्यार्थी कांहीं आठवडे परदेशांतील गरीब वस्त्यांत राहून चुली, पंप, सौरशक्तीचीं साधनें यांवर काम करतात. कांहीं आठवडे हा काळ थोडाच आहे, आणि पाहुण्यानें पाहुण्यासारखें वागून परत जाण्याचाही त्यांत संभव आहे. वॉ नैनीस तीस वर्षांहून अधिक राहिला.

आतां एक अवघड गोष्ट उरते. सेवेच्या आड धर्मांतराचा हेतु असेल तर? ही शंका हिंदुस्थानांत जुनी आहे आणि ती केवळ द्वेषांतून आलेली नाहीं. मिशनच्या शाळा-कॉलेजांत बायबलचा तास सक्तीचा असावा कीं नसावा, यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कडाक्याचे वाद झाले. स्वतंत्र हिंदुस्थानच्या घटनेनें त्याचा निकाल दोन बाजूंनीं लावला. तिसाव्या अनुच्छेदानें अल्पसंख्य समाजांना स्वतःच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला; आणि अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें, सरकारमान्य वा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेंत कोणालाही त्याच्या संमतीवांचून धर्मोपदेशाला बसवितां येणार नाहीं, असें ठरविलें. कायद्याचा हा तोडगा योग्यच आहे. पण संस्थेच्या अंतःकरणाची परीक्षा कायदा करूं शकत नाहीं. ती नांगर करतो. ज्याला नांगर दिला तो उद्यां प्रार्थनेस आला नाहीं तरी त्याचा फाळ धार लावून मिळेल कीं नाहीं, एवढाच तेथें प्रश्न आहे. नैनीच्या शेतांवर आणि वर्गांत सर्व धर्मांचे विद्यार्थी आले, आणि ‘शाबाश’ नांगर विकत घेतांना शेतकऱ्याला कोणतीही कबुली द्यावी लागत नव्हती. मिळालेलें दान आणि विकत घेतलेली वस्तु यांतला फरक येथें महत्त्वाचा ठरतो. दान घेणारा मान खालीं घालतो. पैसे मोजून नांगर नेणारा दुसऱ्या दिवशीं तक्रार घेऊन येऊं शकतो, आणि त्याची तक्रार ऐकूनच पुढला नांगर सुधारतो.

हिगिनबॉटम १९३९ सालीं अमेरिकेंतील आपल्या पंथाच्या सर्वोच्च सभेचा अध्यक्ष झाला. नांगरावर पैसे उधळणारा म्हणून ज्याच्याविषयीं एके काळीं कुरकुर होती त्यालाच हा मान मिळाला. १९५८ सालीं तो वारला. त्याच्या विद्यालयाला २००० सालीं अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, २००९ सालीं संस्थेस त्याचें नांव देण्यांत आलें, आणि तेथील शेतकी इंजिनियरिंगची शाखा वॉ याच्या नांवानें ओळखली जाते. शहराचें नांव २०१८ पासून प्रयागराज झालें आहे. बैलांची जागा आतां दुआबांत बहुतेक ठिकाणीं ट्रॅक्टरनें घेतली आहे, आणि साठ किलोंचें जुनें गणित विद्यार्थ्यांना आतां क्वचितच करावें लागत असेल. त्या जागीं नवीं गणितें आलीं आहेत : पाण्याची पातळी दर वर्षीं खालीं जात असतां पंप किती अश्वशक्तीचा बसवावा, जड ट्रॅक्टरच्या चाकांखालीं दाबली जाणारी माती पुन्हां मोकळी कशी करावी, आणि ज्याची जमीन दीड एकर आहे त्यानें ट्रॅक्टर घ्यावा कीं भाड्यानें आणावा. शेवटच्या प्रश्नासाठीं विद्यार्थ्याला अजूनही नदी ओलांडून खेड्यांत जावें लागतें, कारण त्या दीड एकरवाल्याच्या घरांत किती माणसें आहेत आणि भाद्रपदांत त्याच्या हातीं किती पैसे असतात, हें तोच सांगूं शकतो.